कमानीला पैसे आहेत, खापरांना नाहीत

मंडळाच्या मागच्या बैठकीत गावाच्या वेशीपाशी स्वागत कमान उभी करायचा विषय निघाला. कमानीच्या एका अंगाला सन्नतीचा स्तूप, दुसऱ्या अंगाला रोमी जहाज, आणि मधे ‘प्राचीन जगाशी नातं सांगणारी भूमी’ अशी काहीतरी अक्षरं. देणगीदार तयार आहेत. मी नको म्हणालो, तर एक ज्येष्ठ सभासद लगेच म्हणाले, “तुमीच की मागं रोमी कुंभावर निबंध वाचलात!” खरंच आहे ते. म्हणून आधी माझी चूक सांगून टाकतो.

काही वर्षांमागं एका बांधावर मला जाड, टोकदार बुडाच्या भांड्याचा तुकडा सापडला. आतून काळपट लेप. पुस्तकातलं चित्र शेजारी ठेवलं आणि जाहीर करून मोकळा झालो की हा रोमी मद्यकुंभ, म्हणजे अँफोरा. टाळ्या पडल्या. पुढं एका जाणकारानं तो हातात घेतला, कडेची माती भिंगातून बघितली आणि म्हणाले, इकडचाच तेलाचा रांजण आहे, फार जुनाही नाही. निबंध मागं घेतला. टाळ्या कशा मागं घेणार?

माझी चूक गावापुरती राहिली. पण याच जातीच्या चुका मोठमोठ्यांच्या हातूनही झाल्यात, आणि त्या कशा दुरुस्त झाल्या ते बघण्यासारखं आहे. १९४५ साली मॉर्टिमर व्हीलर यांनी पुदुच्चेरीजवळ अरिकामेडूला उत्खनन केलं. तिथं आतल्या तळाला बारीक ठिपक्यांची वर्तुळं असलेल्या ताटल्या मिळाल्या. त्यांना रूलेटेड वेअर म्हणतात. व्हीलरनी त्यांचं मूळ भूमध्य समुद्राकडं लावलं. विमला बेगली यांनी १९८३ मध्ये जुनेच पुरावे पुन्हा तपासून त्या कालक्रमावर प्रश्न उभा केला. आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या विश्वास गोगटे यांनी क्ष-किरणांनी खापरांमधली खनिजं तपासून १९९७ मध्ये मांडलं की ही माती बंगालमधल्या चंद्रकेतुगड-तामलुक भागातली दिसते. रोमचं म्हणून ज्याकडं बोट दाखवत होतो ते भांडं बंगालचं निघालं! त्यानं संपर्क कमी झाला असं नाही. उलट बंगाल ते तामिळ किनारा आणि पुढं आग्नेय आशिया असा एक वेगळाच रस्ता दिसायला लागला.

रोबर्टा टॉम्बर यांचं काम तर माझ्यासारख्यांनी भिंतीवर लावून ठेवावं असं. भारतातल्या कोठारांत ‘रोमी अँफोरा’ अशी चिठ्ठी लावलेली खापरं त्यांनी एकेक करून पाहिली. त्यातली बरीच रोमची नव्हतीच. ती मेसोपोटेमियाकडच्या, आतून डांबराचा लेप दिलेल्या ‘टॉर्पेडो’ कुंभांची होती, आणि बहुतेक नंतरच्या काळातली. म्हणजे नुसतं रोम-रोम करता करता इराणच्या आखाताशी असलेला व्यापार आपण पोत्यात बांधून ठेवला होता. यासाठी नवा खड्डा खणावा लागला नाही. प्रवासखर्च, भिंग, मातीची पारख असलेला डोळा आणि कोठाराची किल्ली, एवढ्यात काम झालं. माझी तक्रार इथंच आहे. एवढ्याच गोष्टींना पैसे द्यायला कुणी तयार होत नाही.

आपल्या उत्तरेला तेर आहे. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून दहा दिवसांच्या वाटेवर तगर सांगितलंय. तिथून साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांतून भरूचला जायची. तगर म्हणजे तेर हे फ्लीट यांनी १९०१ मध्ये दाखवलं. तिथल्या वस्तू वाचल्या त्या रामलिंगप्पा लामतुरे या व्यापाऱ्यामुळं. शेतात, पांढरीत जे मिळेल ते त्यांनी स्वतःच्या पदरमोडीनं गोळा केलं. १९५८ मध्ये चापेकरांनी केलेल्या उत्खननाचा अहवाल १९६९ ला आला. पण कापड आपल्या काळ्या मातीत टिकत नाही. ते टिकलं इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिकेच्या वाळूत. जॉन पीटर वाइल्ड आणि फेलिसिटी वाइल्ड यांनी तिथले सुती तुकडे भारतीय आहेत हे सुताच्या पिळावरून ओळखलं. इजिप्तचा पीळ एका दिशेचा, आपला उलट्या दिशेचा. पिळाची दिशा बघायला काय लागतं? वेळ लागतो, आणि त्या वेळेचा पगार.

बेरेनिकेचं उत्खनन १९९४ ला सुरू झालं. नेमकं त्याच सुमारास आपल्या आग्नेयेला, भीमेकाठी सन्नतीजवळच्या कनगनहळ्ळीला पुरातत्त्व खात्यानं स्तूप उघडायला घेतला. ‘राया असोको’ असं लिहिलेली अशोकाची शिल्पपट्टी तिथलीच. बेरेनिकेवाल्यांनी पहिल्या हंगामाचा अहवाल पुढच्याच वर्षी छापला आणि मिरी, तांदूळ, मूग, नारळ ओळखायला वनस्पतितज्ज्ञ सोबत ठेवला. कनगनहळ्ळीच्या मुख्य अहवालावर साल आहे २०११. तिथल्या शिलालेखांचा संग्रह फॉन हिन्यूबर आणि नाकानिशी यांनी २०१४ मध्ये केला, तोही जपानच्या सोका विद्यापीठातून आला. आपल्या जिल्ह्यातले लेख वाचायला टोकियोकडं तोंड करावं लागतं! खणणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांनी काढलं म्हणून ते आपल्याला दिसलं. पण खणायला मंजुरी मिळते आणि खणलेलं छापायला, जुळवून बघायला मिळत नाही, हा हिशोब कुणीतरी मांडायला हवा.

२०२५ च्या जानेवारीत तामिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी सिंधू लिपी उलगडणाऱ्याला दहा लाख डॉलरचं बक्षीस जाहीर केलं. ऐकायला छान वाटतं. पण त्या लिपीवर काम करणारा प्रत्येकजण आजही जी सूची उघडतो, ती इरावतम महादेवन यांची १९७७ ची. त्यांना १९७० मध्ये नेहरू फेलोशिप मिळाली होती. उत्तर येण्याआधीच पैसे मिळाले, आणि ते चिन्हं मोजण्यासाठी मिळाले. बक्षीस उत्तराला असतं, मोजणाऱ्याला नसतं. बक्षिसाच्या आशेनं वर्षानुवर्षं खापरं धूत बसणारा माणूस मला तरी भेटलेला नाही.

कुणी म्हणेल, कमानीनं गावाला अभिमान येतो. येऊ दे की. पण कमानीवरचं जहाज बघून उद्या आपलीच पोरं प्रत्येक टोकदार बूड रोमचं म्हणतील, मी म्हणालो तसं.

माझा प्रस्ताव साधा आहे. मंडळाकडं चार पेट्या खापरं आहेत. कुठल्या शेतात, कुणाला, कधी मिळाली हे निम्म्यांवर लिहिलेलं नाही, आणि ज्यांना आठवतं ते सभासद आता ऐंशीच्या घरात आहेत. कमानीच्या पैशातला थोडा भाग एका पोराला वर्षभराचं मानधन म्हणून द्या. त्यानं ज्येष्ठांपाशी बसून नोंदी कराव्यात, प्रत्येक तुकड्यावर क्रमांक घालावा, फोटो काढावेत, तेरच्या संग्रहालयात दोन-चार वेळा जाऊन यावं. त्यात रोमचं एकही खापर निघणार नाही असं धरूनच द्या.

विषय पुढच्या बैठकीत पुन्हा आहे. कमान झालीच, तर जहाजाचं धुरांडं तेवढं काढून टाका. नमुन्याच्या चित्रात ते आहे.