ख्रिस्तवासी कोण? : घटती उपस्थिती आणि मरणविषयक शिकवण

धर्मगुरूंच्या व धर्मशिक्षकांच्या बैठकीत अलीकडे एक तक्रार हमखास ऐकू येते : रविवारच्या उपासनेस भाविक येईनासे झाले आहेत. कारणेही ठरलेली असतात. मजुरीसाठी होणारे स्थलांतर, हातोहाती आलेला मोबाइल, तरुणांची उदासीनता आणि २०२० साली करोनाच्या साथीत मंदिरे बंद झाल्यावर मोडलेली सवय. ही कारणे खोटी नाहीत. परंतु त्यांनी एका गोष्टीचा उलगडा होत नाही. रविवारी न दिसणारी माणसे दफनविधीस मात्र दूरदूरच्या गावांहून येतात. २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, कबरस्थानात उभे राहायला जागा नसते. उदासीन माणसे मेणबत्ती घेऊन तासभर उन्हात उभी राहत नाहीत. तेव्हा प्रश्न असा विचारावयास हवा : मरणाच्या प्रसंगी येणारा माणूस पुनरुत्थानाच्या वारी का येत नाही?

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे. मरणासंबंधी आपण कबरीपाशी जे बोलतो, त्यात रविवारची गरजच उरत नाही. दोष केवळ श्रोत्यांचा नाही; तो आपल्या भाषेत व शिकवणीत शोधला पाहिजे.

या विषयावर पाश्चात्त्य अभ्यासकांनी बरेच लिहिले आहे. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ ग्रेस डेव्ही यांनी १९९४ साली आपल्या ग्रंथात एक सूत्र मांडले : लोकांची श्रद्धा टिकून आहे, सुटले आहे ते मंडळीतील सहभागित्व. हे सूत्र धर्मगुरूंना दिलासा देणारे असल्यामुळे ते फार लवकर प्रचारात आले. पण २००५ साली डेव्हिड व्होआस व अॅलेस्डेअर क्रॉकेट यांनी आकडेवारीच्या आधारे त्यास आक्षेप घेतला. त्यांच्या मते ब्रिटनमध्ये उपस्थितीबरोबर श्रद्धाही ओसरत आहे, आणि ही घट मुख्यतः पिढीगणिक होते. आईबाप येत नाहीत, मग मुलांना श्रद्धेचा वारसा मिळत नाही. या वादातून आपण घ्यावयाचा धडा स्पष्ट आहे. ‘येत नाहीत, पण मनात देव आहे’ या समाधानावर विसंबून राहता येत नाही. मनातला देव पुढच्या पिढीकडे आपोआप जात नाही. त्यास सामुदायिक उपासनेचे वाहन लागते.

महाराष्ट्रालाही या प्रश्नाचा अनुभव आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची चाकोरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभारला. स्नानसंस्कार घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात एकत्र यावेत, ही त्यांची तळमळ होती. ९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले आणि दरबारास त्यांच्यामागे स्थिर रूप आले नाही. त्यांची भजने मात्र मंडळीच्या उपासनेत आजही गायिली जातात. भक्तीचा जो भाग नियमित सामुदायिक उपासनेत रुजला, तो टिकला. टिळकांच्या प्रयोगाची थोरवी कमी न लेखता हे नोंदविले पाहिजे.

आता लोकांच्या खासगी श्रद्धांकडे वळू. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने जून २०२१ मध्ये भारतातील धर्मजीवनाचा अहवाल प्रसिद्ध केला. २९,९९९ प्रौढांच्या मुलाखती १७ भाषांतून घेण्यात आल्या होत्या. त्यानुसार भारतीय ख्रिस्ती व्यक्तींपैकी ५४ टक्के कर्मावर, तर २९ टक्के पुनर्जन्मावर विश्वास ठेवतात. हे आकडे वाचून काही जणांना धक्का बसला. ख्रिस्ती घरात जन्मलेली, श्रद्धाप्रकटन पाठ असलेली दहांपैकी जवळजवळ तीन माणसे पुनर्जन्म मानतात, म्हणजे आपली धर्मशिक्षणाची वर्गवारी वाया गेली, असाही सूर निघाला.

या निष्कर्षाला दोन मर्यादा घातल्या पाहिजेत. पहिली मर्यादा भाषेची. मराठी बाई कपाळावर हात मारून ‘कर्म माझं!’ म्हणते, तेव्हा ती पूर्वजन्मीच्या संचिताचा सिद्धान्त मांडत नसते. ‘कर्म’ हा शब्द आपल्या बोलीत दुर्दैव, वाट्यास आलेले ओझे, केल्याचे फळ अशा अनेक अर्थांनी वावरतो. पौलानेही पेरणी व कापणी यांचा दृष्टान्त दिलेला आहे (गलती ६:७). त्यामुळे ५४ हा आकडा सरसकट धर्मभ्रष्टतेचा पुरावा मानणे अन्यायाचे होईल. दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. पुनर्जन्माची कल्पना दुःखितांच्या एका प्रश्नास उत्तर देते : माझ्या माणसाचे पुढे काय झाले, आणि त्याच्या-माझ्या नात्याचे काय? या प्रश्नास आपल्या प्रवचनातून उत्तर मिळाले नाही, तर माणूस शेजारच्या घरी ऐकलेले उत्तर उचलतो. रिकामी जागा रिकामी राहत नाही.

हे अधिक स्पष्ट होण्यासाठी आपल्या सीमाभागाकडे पाहू. बऱ्हाणपूर जिल्ह्यातील तुकईथड हे अकोला–खांडवा या जुन्या मीटरगेज मार्गावरील गाव. मेळघाटच्या डोंगरांपलीकडचा हा मुलूख मराठी, हिंदी, निमाडी व कोरकू या भाषांच्या सीमेवर वसला आहे. १९७७ साली स्थापन झालेल्या खांडवा धर्मप्रांतात बऱ्हाणपूरचा समावेश होतो. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा. २०११ च्या जनगणनेनुसार तिचे भाषक सात लाखांवर आहेत. या समाजाचा अभ्यास करणारे ऑस्ट्रियन धर्मगुरू व मानववंशशास्त्रज्ञ फादर स्टीफन फुक्स यांचा ‘द कोरकूज ऑफ द विंध्य हिल्स’ हा ग्रंथ १९८८ साली प्रसिद्ध झाला. त्याआधी १९१६ साली रसेल व हिरालाल यांनीही कोरकूंच्या मृत्युसंस्कारांची नोंद केली होती.

कोरकूंच्या रीतीत दफन हा अखेरचा विधी नसतो. काही महिन्यांनी, तर कधी अनेक वर्षांनी, कुटुंब ऐपतीप्रमाणे ‘सिडोली’ करते. सूर्य, चंद्र व घोडेस्वार कोरलेला ‘मुंडा’ नावाचा लाकडी स्तंभ मृताच्या नावे रोवला जातो. त्यानंतरच मृत व्यक्ती पूर्वजांत सामील झाली असे मानतात. तोवर जिवंतांकडे तिचे ऋण बाकी असते. सुवार्तेच्या दृष्टीने या समजुतीत उणीव आहे, हे उघड आहे. मृताची मुक्ती कुटुंबाच्या ऐपतीवर अवलंबून नाही. ती ख्रिस्ताची देणगी आहे, आणि गरिबाचा मृत बाप वर्षानुवर्षे उंबरठ्यावर ताटकळत राहत नाही. या मुक्तीचा आनंद आपण निःसंकोच सांगितला पाहिजे. परंतु या रीतीस एक गोष्ट ठाऊक आहे, जी आपल्या दफनप्रवचनात क्वचित आढळते : मरण ही एकट्या आत्म्याची खासगी यात्रा नव्हे. मेलेला व मागे राहिलेले यांचे नाते संपत नाही, आणि ते नाते समाज एकत्र येऊन सांभाळतो.

ख्रिस्ती मंडळीजवळ याचे उत्तर नाही काय? आहे, आणि ते दर रविवारी वेदीवर उच्चारले जाते. मिस्साबलिदानाच्या महाप्रार्थनेत मृतांचे स्मरण नेमाने होते. ज्या दिवशी कबर रिकामी सापडली, त्याच दिवशी जिवंत व मृत एकाच प्रभूच्या नावाने एकत्र येतात. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात रविवारला मूळ सण मानले (परिच्छेद १०६), आणि अंत्यविधीतून ख्रिस्ती मरणाचे पास्काशी असलेले नाते अधिक स्पष्ट व्हावे व तो त्या त्या प्रदेशाच्या परंपरांशी जुळावा, असे सांगितले (परिच्छेद ८१). ही दोन कलमे एकत्र वाचावयाची आहेत. आपण ती वेगळी केली. रविवार आज्ञेच्या खात्यात गेला, मरण सांत्वनाच्या खात्यात.

आपली भाषा तपासली म्हणजे ही फारकत लक्षात येते. दफनविधीत व निधनवार्तांत तीन शब्दप्रयोग पुनःपुन्हा आढळतात. पहिला, ‘देवाज्ञा झाली’. यात मरण हे देवाने धाडलेले फर्मान ठरते. पौलाने मरणास शेवटचा शत्रू म्हटले आहे (१ करिंथ १५:२६). आपण त्यालाच देवाचा हुजऱ्या करून टाकतो. तरुण मुलाच्या शवपेटीपाशी हे शब्द ऐकणारी आई त्या देवाच्या मंदिरात पुढल्या रविवारी कोणत्या तोंडाने येईल? दुसरा, ‘आत्म्यास शांती लाभो’. हे शब्द सद्भावनेचे आहेत, पण त्यांत शरीर नाही, मंडळी नाही, ख्रिस्ताचे नावही नाही. १९५५ साली हार्वर्ड येथील व्याख्यानात ओस्कार कुलमान यांनी आत्म्याचे अमरत्व ही ग्रीक कल्पना व मृतांचे पुनरुत्थान ही नव्या करारातील आशा यांत सॉक्रेटिस व येशू यांच्या मरणांची तुलना करून भेद दाखविला. तो भेद त्यांनी जरा अधिकच ताणला. आत्म्याची कल्पना टाकून दिली तर मरण व अंतिम दिवस यांच्यामध्ये ‘मी’ कोण, हे सांगता येत नाही, अशा अर्थाचा आक्षेप योझेफ रात्झिंगर यांनी १९७७ च्या आपल्या ग्रंथात घेतला आणि तो सयुक्तिक आहे. तथापि कुलमान यांचा मूळ इशारा आपल्या प्रवचनांना तंतोतंत लागू पडतो. नुसता आत्मा देवाकडे पोहोचणे एवढीच आशा असेल, तर भाकर मोडण्यासाठी देहाने एकत्र जमण्याचे प्रयोजन काय?

तिसरा शब्द आपला स्वतःचा आहे : ‘ख्रिस्तवासी’. कैलासवासी, वैकुंठवासी या घडणीवर तो बनला आणि मराठी ख्रिस्ती समाजाने तो प्रेमाने स्वीकारला. शब्द सुंदर आहे. अडचण त्याच्या वापरात आहे. कैलासात माणूस मेल्यावर जातो, म्हणून तो शब्द मृतालाच शोभतो. पण ख्रिस्तात माणूस मेल्यावर राहावयास जात नाही. स्नानसंस्काराने आपण ख्रिस्ताच्या मरणात पुरले गेलो व नव्या जीवनात चालू लागलो, असे पौल सांगतो (रोम ६:३-४). म्हणजे ख्रिस्तवासी प्रथम जिवंत माणूस असतो, आणि ख्रिस्ताच्या या निवासाचे दृश्य रूप म्हणजे जमलेली मंडळी. हा शब्द निधनाच्या पत्रिकेपुरता उरला की भाविकाची समजूत सहज अशी होते की, ख्रिस्तात राहणे हे पुढचे काम आहे. आज घाई नाही.

येथे एक धोका सांगणे भाग आहे. मरणाचा धाक घालून बाके भरता येतात, हे जुन्या प्रवचनकारांना ठाऊक होते. नरकाच्या वर्णनांनी मंदिरे भरलीही असतील. पण भीतीने आणलेला माणूस भीती ओसरताच जातो. शोकाकुल घराकडे उपस्थिती वाढविण्याची संधी म्हणून पाहणे हा तर सांत्वनाचा व्यापार होय. शिवाय नुसती उपस्थिती श्रद्धा सिद्ध करीत नाही. करिंथ येथे प्रभुभोजनास नियमाने जमणाऱ्यांपैकीच काही मृतांचे पुनरुत्थान नाकारीत होते (१ करिंथ १५:१२). तेथे सभा होती, आशा नव्हती. आपल्याकडे आशेचा धागा आहे, सभा विरळ होत आहे. पौलाने करिंथकरांस हजेरीबद्दल शाबासकी दिली नाही; त्याने मूळ सुवार्ता पुन्हा सांगितली. आपणासही तेच करावयाचे आहे.

उपस्थिती घटली असे म्हणताना आपण काय मोजतो, हेही तपासावे. डोंगरातील पाड्यांवर धर्मगुरू दर रविवारी पोहोचत नाही. पीक काढणीच्या हंगामात कुटुंबेच्या कुटुंबे परगावी असतात. अशा ठिकाणी धर्मशिक्षकाने चालविलेली वचनाची उपासना हाच रविवार असतो. धर्मगुरूच्या अनुपस्थितीत होणाऱ्या रविवारच्या उपासनेसाठी रोमने १९८८ साली मार्गदर्शिका दिली. ही उपासना दुय्यम मानून आपण हिशेबात धरत नाही, आणि मग तेथील भाविकही तिला दुय्यम मानतो.

यावरून काही व्यवहार्य गोष्टी निघतात. दफनानंतरच्या पहिल्या रविवारी मृताचे नाव विनंत्यांत घ्यावे व हे त्याच्या घरच्यांस, शक्य तर त्यांच्याच बोलीत, अगोदर घरी जाऊन सांगावे. २ नोव्हेंबरचे प्रवचन कबरस्थानातून मंदिराकडे बोट दाखविणारे असावे. जे स्मरण वर्षातून एकदा करावयास आलात ते येथे दर आठवड्यास होते, एवढे साधे वाक्य त्यात असले तरी पुरे. धर्मशिक्षणाच्या वर्गात श्रद्धाप्रकटनाचे शेवटचे वाक्य पाठ करून घेण्यापूर्वी मोठ्यांना व मुलांना विचारावे : तुमचे आजोबा आता कुठे आहेत, असे तुम्हांस वाटते? उत्तर ऐकून रागावू नये. ‘मेल्यावर कोण परत येऊन सांगतो?’ असे कोणी म्हणाले, तर त्या शंकेला तोंड देण्याचा अधिकार ज्याने ती ऐकून घेतली त्यालाच पोहोचतो.

पुनरुत्थानाच्या पहिल्या रविवारी शिष्यांच्या सभेस एक जण गैरहजर होता (योहान २०:२४). थोमाला मरणाबद्दल काय वाटत होते हे शिष्यांना ठाऊक होते, कारण त्याने ते उघड सांगितले. त्यांनी त्याला दटावले नाही, गैरहजेरीचा जाबही विचारला नाही. आम्ही प्रभूला पाहिले आहे, एवढेच त्यांनी त्याला कळविले. आठ दिवसांनी सभा भरली तेव्हा थोमा आत होता, शंकेसह होता, आणि प्रभूने त्याला शंकेच्याच जागी गाठले. रविवारी रिकाम्या दिसणाऱ्या जागांकडे पाहताना धर्मगुरूंनी व धर्मशिक्षकांनी स्वतःस विचारावे की, आपण ज्याला पाहिले ते कोणाला कळविले आहे काय.