बर्गंडीचें मद्य आणि मजुराचा घास

मद्यभूमींच्या प्रवासवर्णनांत एक दोष वारंवार आढळतो. लेखक एका तळघरांतून दुसऱ्या तळघरांत जातो, प्याला उजेडाकडे धरतो, एक घोट घेतो आणि विशेषणांची खैरात करतो. वाचकाच्या पदरीं विशेषणें तेवढीं पडतात. आपल्या साहित्यशास्त्रानें 'रस' आणि 'आस्वाद' हे शब्द जिभेच्या व्यवहारांतूनच उचललेले असल्यामुळें, जिभेच्या टीकाकाराची परीक्षा घेण्याचा अधिकार मद्यास न शिवणाऱ्या वाचकासही पोंचतो.

या दृष्टीनें टॉमस जेफर्सन यानें १७८७ सालच्या आपल्या प्रवासांत केलेलीं टिपणें वाचण्याजोगीं आहेत. तो त्या वेळीं फ्रान्सच्या दरबारीं अमेरिकेचा वकील होता. दुखावलेल्या मनगटास एक्स येथील झऱ्यांचा गुण यावा, हें प्रवासाचें उघड निमित्त. परंतु मार्चच्या आरंभीं तो बर्गंडींत शिरला, तट्टावर बसला आणि एका शेतकऱ्यास सोबत घेऊन मळ्यांतून, तळघरांतून व मजुरांच्या घरांतून हिंडला.

टिपणांची भाषा रुक्ष आहे. माती, दगड, पिंपाचा भाव, असा सारा हिशेबी मामला. तथापि रसिकता आहे ती या हिशेबांतच. शांबेर्तॅंचें तांबडें मद्य तेथें बाटलीस ४८ सू या भावानें विकलें जाई; वोल्ने गांवचें १२ सूंस मिळे. जेफर्सन नोंदवितो कीं, स्वादांत वोल्ने कमी नाहीं. तें हलकें असल्यामुळें टिकत नाहीं, एवढ्याच कारणानें त्याचें मोल चौथाईवर येतें. पांढऱ्या मद्यांतही तोच प्रकार: मोंराशे ४८ सू, तर मेर्सोचें उत्तमांतलें उत्तम अवघें ६ सू. बाजार टिकाऊपणाचें व दूरवर जाण्याच्या ताकदीचें मोल देतो, आणि आपण तें गुणाचें मोल समजतों. साहित्यांतही ही गल्लत नित्य होते. जी कृति परभाषेंत व पुढील पिढींत सुखरूप पोंचते ती थोर, आणि जिचा सुगंध आपल्याच गांवीं, आपल्याच काळांत दरवळून जातो ती हलकी, असा निवाडा आपण सहज देऊन बसतों.

याहून महत्त्वाची नोंद पुढें येते. पोमार व वोल्ने येथील मजूर गव्हाचा चांगला पाव खात होते. शेजारच्या मेर्सोंत मात्र राय या हलक्या धान्याचा. कारण विचारतां उत्तर मिळालें कीं, पांढरें मद्य अधिक वेळां बिघडतें आणि विकलें न जातां पडून राहतें; त्यामुळें मालकास मजुरांना चांगलें खाऊं घालणें परवडत नाहीं. आणि मेर्सोंत तांबडें मद्य कां करीत नाहींत? तर तेथील जमीन फार दगडाळ! एवढ्याशा कारणावर माणसाची स्थिति अवलंबून असावी, याचें त्यास नवल वाटलें. येथें हा प्रवासी खरा टीकाकार झाला आहे.

मात्र जो नियम इतरांस, तोच त्यासही लावला पाहिजे. तो मेर्सोच्या मजुराचा पाव न्याहाळीत होता त्या सुमारास, १७८४ सालीं बरोबर आणलेला जेम्स हेमिंग्ज हा त्याचा गुलाम पॅरिसमध्यें फ्रेंच पाकविद्या शिकण्यांत गुंतला होता. त्यास मुक्तता मिळाली ती १७९६ सालीं, आणि तीही आपल्या जागीं भावास तयार करून दिल्यावर. गुलामगिरी हा अन्याय आहे, हें जेफर्सननें स्वतः लिहून ठेविलें होतें. तरी आयुष्यभरांत सहाशेंहून अधिक माणसें त्याच्या मालकीचीं होतीं. परक्याच्या घासाचें कारण विचारणें सोपें असतें; आपल्या ताटांतील घासाचें विचारणें जड जातें.

त्याच दगडाळ मेर्सोचें पांढरें मद्य आज जगांतील नामांकित मद्यांत मोडतें, आणि २०१५ सालीं युनेस्कोनें बर्गंडीच्या या मळ्यांस जागतिक वारशांत स्थान दिलें. भाव बदलले, कीर्ति बदलली. टिपणांचें मोल मात्र उणावलेलें नाहीं. कारण चवीपाशीं न थांबतां भावाचें कारण आणि पिकविणाऱ्याचें अन्न पाहावें, ही रीत त्यांत आहे. वाचकानें ती रीत घ्यावी, आणि लेखकानें जेथें ती सोडली तेथेंही ती लावावी.