बाहुलीची हाक : ‘इनोसन्स’मधील संथ शोध

रहस्यकथेचा वाचक स्वभावतः घाईत असतो. गुन्हा घडला की तो कोणी केला, हा प्रश्न त्याला शेवटच्या पानाकडे ओढून नेतो आणि वाटेतील वर्णने तो बहुधा ओलांडून जातो. जपानी दिग्दर्शक मामोरु ओशी यांचा ‘इनोसन्स’ (२००४) हा ॲनिमेशनपट रहस्यकथेचा रचनाबंध स्वीकारतो, मात्र ही घाई नाकारतो. त्याची संथ लय प्रथमदर्शनी कंटाळवाणी वाटण्याचा संभव आहे. ती या कलाकृतीच्या आशयाशी कोणत्या नात्याने बांधलेली आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

मासामुने शिरो यांच्या चित्रकथेवर आधारलेल्या ‘घोस्ट इन द शेल’ (१९९५) या ओशींच्याच चित्रपटाचा हा उत्तरभाग. २००४ साली कान महोत्सवाच्या स्पर्धा विभागात त्याचा समावेश झाला होता. कथानकाचा काळ २०३२ हा आहे. ‘लोकस सोलस’ नावाच्या कंपनीने बनविलेल्या स्त्रीरूपी यांत्रिक बाहुल्या आपल्या मालकांनाच ठार मारू लागतात. तपासाचे काम दोघांकडे येते. बातोचे शरीर जवळजवळ संपूर्ण यांत्रिक आहे, तर त्याचा सहकारी तोगुसा हा बव्हंशी नैसर्गिक देहाचा, घरसंसार असलेला मनुष्य आहे.

आरंभीच्याच प्रसंगात अंधाऱ्या गल्लीत बातोला अशी एक बाहुली सापडते. ती स्वतःचे शरीर फाडू लागते. परंतु त्याआधी क्षीण आवाजात मदतीची याचना करते. बातो गोळी झाडतो. कथानक पुढे सरकते आणि ती याचना मागे पडल्यासारखी होते. वस्तुतः चित्रपटाचा खरा प्रश्न तेथेच उपस्थित झालेला असतो. खून कोणी केला हे प्रेक्षकाला प्रारंभीच ठाऊक आहे. हाक कोणी मारली, हे शोधावयाचे आहे.

हाक ऐकावयाची तर थांबावे लागते. बातो घरी येतो, आपल्या बॅसेट हाउंड जातीच्या कुत्र्याला खाऊ घालतो. तपासाच्या दृष्टीने निरुपयोगी असलेला हा प्रसंग ओशी अत्यंत निगुतीने रेखाटतात. उत्तरेकडील एतोरोफू येथील मिरवणुकीत संवाद जवळजवळ विरून जातात. प्रचंड चित्ररथ सरकत राहतात, बाहुल्या अग्नीत टाकल्या जातात आणि केंजी कावाई यांच्या संगीतातील लोकगायिकांचा समूहस्वर सारे व्यापून टाकतो. पुढे किम याच्या वाड्यात एकच प्रसंग तीनदा घडतो, प्रत्येक वेळी किंचित बदलून. आपण पाहतो ते खरे की मेंदूत घुसवलेला आभास, हे दोघांनाही कळेनासे होते. सुटकेची खूण मिळते ती गोलेमच्या ज्यू आख्यायिकेतून : ‘सत्य’ या अर्थाच्या शब्दातील एक अक्षर पुसले की उरतो तो ‘मृत्यू’. अशा जगात घाईने काढलेला निष्कर्ष म्हणजे दुसऱ्याने पेरलेला निष्कर्ष ठरू शकतो. संथपणाला येथे ज्ञानात्मक कारण आहे.

या लयीला एक दोष चिकटला आहे, तोही नोंदविला पाहिजे. पात्रे सतत अवतरणांत बोलतात. देकार्त, कन्फ्यूशियस, मिल्टन, बायबलमधील स्तोत्रे यांची इतकी दाटी होते की पात्रांचा स्वतःचा स्वर हरवतो. व्हिल्ये द लील-आदां यांच्या ‘भविष्यातील ईव्ह’ या १८८६ मधील फ्रेंच कादंबरीचा वारसा बाहुलीच्या ‘हदाली’ या नावातूनच पुरेसा सूचित होतो. त्यावर आणखी भार घालण्याची गरज नव्हती. भारतीय वाचकाला मात्र धम्मपदाच्या नागवग्गातील, अरण्यात एकट्याने वावरणाऱ्या हत्तीची प्रतिमा येथे भेटते, तेव्हा उसने वाक्यही अनुभवाशी एकरूप होऊ शकते याचा प्रत्यय येतो. बातोचे एकाकीपण त्या प्रतिमेत पूर्णतः सामावते.

अखेर समुद्रावरील कारखान्यात रहस्य उलगडते. पळवून आणलेल्या मुलींच्या आत्म्यांच्या प्रती काढून बाहुल्यांत ओतल्या जात होत्या. बाहुल्यांच्या हातून हिंसा घडली, तर कोणाचे तरी लक्ष आपल्याकडे जाईल, ही त्या मुलींच्या सुटकेची एकमेव वाट होती. आरंभीची हाक कोणाची, याचे उत्तर मिळाले असे वाटते. तेवढ्यात बातो सुटका झालेल्या मुलीवरच संतापतो. ज्या बाहुल्यांना नको असलेला आत्मा मिळाला, त्यांचे काय, असे तो विचारतो. आपल्याला बाहुली व्हायचे नव्हते, असे म्हणत ती मुलगी रडू लागते.

बातोचा हा संताप न्याय्य मानता येत नाही. मृत्यूच्या दारातून परतलेल्या बालिकेकडून इतरांच्या वेदनेचा हिशेब मागणे हे क्रौर्यच होय. परंतु दिग्दर्शकाने येथे निवाडा दिलेला नाही. त्याने मुलीचे रडणे पुसले नाही आणि बाहुल्यांचा प्रश्नही मिटविला नाही. ती हाक दोघींची होती. मराठी संतकाव्यात कळसूत्री बाहुलीचे सूत्र ईश्वराच्या हाती असते, म्हणून तिची पराधीनता शरणागतीचे रूप घेते. येथे सूत्र कारखान्याच्या हाती आहे आणि शरणागतीला अर्थच उरलेला नाही.

शेवटच्या दृश्यात तोगुसा आपल्या मुलीसाठी बाहुली आणतो. मुलगी आनंदते. कुत्र्याला उराशी धरून उभा असलेला बातो त्या बाहुलीकडे पाहत राहतो. तपास संपलेला आहे, प्रकरण मिटलेले आहे आणि तरीही त्या निर्जीव चेहऱ्याकडे पूर्वीसारखे पाहणे आपल्याला शक्य होत नाही. रहस्यकथा उत्तर देऊन वाचकाला मोकळे करते. ‘इनोसन्स’ उत्तर देऊनही त्याला बांधून ठेवतो. त्याच्या संथ लयीचे सार्थक येथे आहे.