‘मनुष्याचा पुत्र’ : एका बिरुदाचा अर्थविचार

शुभवर्तमानांत येशूसाठी योजिलेल्या नामांपैकी ‘मनुष्याचा पुत्र’ हे नाम अत्यंत परिचित असूनही अत्यंत दुर्बोध राहिले आहे. चारही शुभवर्तमाने मिळून ते सुमारे ८० वेळा येते, आणि जवळजवळ नेहमी येशूच्याच मुखी येते. शिष्य त्याला या नावाने संबोधीत नाहीत. योहानाच्या शुभवर्तमानात (१२:३४) जमाव हे नाम उच्चारतो, तो केवळ त्याचा खुलासा मागण्यासाठी. पौलाच्या पत्रांत ते एकदाही आढळत नाही. ‘ख्रिस्त’ आणि ‘प्रभू’ ही बिरुदे ज्या समाजाने आपल्या उपासनेत स्वीकारली, त्या समाजाने या नामाला तेथे तसे स्थान दिलेले दिसत नाही. तेव्हा हे मुळात बिरुद होते की केवळ बोलण्याची एक रीत होती, असा प्रश्न उपस्थित होतो. येशूने स्वतःविषयी काय म्हटले आणि त्याच्या अनुयायांनी त्याच्याविषयी काय म्हटले, यांतील सीमारेषा बऱ्याच अंशी या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असल्यामुळे तो नुसता शब्दकोशाचा प्रश्न राहत नाही.

हिब्रू आणि अरामी या भगिनीभाषांत ‘पुत्र’ हा शब्द नेहमी जन्मसंबंधच दर्शवितो असे नाही. एखाद्या वर्गातील घटक दर्शविण्यासाठीही तो योजिला जातो. हिब्रूतील ‘बेन आदाम’ म्हणजे मनुष्यजातीपैकी एक. यहेज्केल संदेष्ट्याला या शब्दांनी ९३ वेळा संबोधिले आहे, आणि तेथे दैवी तेजापुढे मर्त्य मानवाचे लहानपण सूचित होते. स्तोत्रसंहितेच्या आठव्या स्तोत्रात हाच प्रयोग ‘मनुष्य’ या शब्दाच्या जोडीने, समानार्थी म्हणून येतो. मराठीत ‘कोणी मायेचा पूत पुढे यावा’ असे म्हणताना कोणी कोणाची वंशावळ विचारीत नाही. त्यातलाच हा प्रकार होय. अरामीतील ‘बर एनाश’ याचाही अर्थ ‘कोणी मनुष्य’ एवढाच आहे, हे कुम्रानच्या गुहांत सापडलेल्या अरामी लेखांवरून स्पष्ट झाले आहे.

दानीएलाच्या ग्रंथातील सातव्या अध्यायात मात्र या साध्या प्रयोगाला वेगळे तेज चढते. समुद्रातून चार श्वापदे वर येतात, आणि त्यानंतर मेघांसह ‘बर एनाश’सारखा कोणी येतो (७:१३). येथे ‘सारखा’ हा उपमावाचक अंश विसरता येत नाही. श्वापदांच्या विरोधात ही मानवाची आकृती उभी केलेली आहे; हे वर्णन आहे, नाम नव्हे. पुढे त्याच अध्यायात (७:१८, २७) राज्य परात्पराच्या पवित्र जनांना मिळते असे सांगितले असल्यामुळे ही आकृती एका व्यक्तीची की समूहाची, याविषयीही मतभेद आहेत.

१८९६ मध्ये हान्स लीट्समान या जर्मन पंडिताने असे प्रतिपादिले की, अरामीत या शब्दांचा अर्थ केवळ ‘मनुष्य’ असल्यामुळे त्या भाषेत हे बिरुद संभवतच नाही. ते ग्रीकभाषी ख्रिस्ती समाजात निर्माण झाले असले पाहिजे. गेझा व्हर्मेश यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या विवेचनात या विचाराला नवी दिशा दिली. ‘बर नाशा’ असे म्हणून वक्ता संकोचाने, विनयाने वा भयाने स्वतःचाच निर्देश करीत असे, असे त्यांनी रब्बींच्या वाङ्मयातील उदाहरणांवरून दाखविले. पुढे बार्नबस लिंडर्स आणि मॉरिस केसी यांनी या मताला मुरड घातली : विधान सर्वसामान्य मनुष्याविषयी असते, परंतु त्याचा रोख वक्त्याकडे असतो. मराठी भाषकाला हा भेद सहज उमगतो. ‘माणसाने किती सोसावे!’ हे उद्गार व्याकरणदृष्ट्या सर्व मानवजातीविषयी असले, तरी ऐकणाऱ्याला बोलणाराचीच व्यथा कळते.

या उपपत्तीचे बळ काही स्थळी निर्विवाद आहे. मार्क ३:२८ येथे मनुष्यांच्या पुत्रांना पापांची क्षमा होईल असे आहे. मत्तय १२:३२ येथे मनुष्याच्या पुत्राविरुद्ध बोललेल्या शब्दाची क्षमा होईल असे आहे. एकाच अरामी वाक्यातील ‘बर नाशा’ एका परंपरेने जातिवाचक मानला आणि दुसरीने व्यक्तिवाचक मानला, असे गृहीत धरले म्हणजे या तफावतीचा उलगडा होतो. तसेच मार्क ८:२७ मध्ये जेथे येशू ‘मी’ म्हणतो, तेथे मत्तय १६:१३ मध्ये ‘मनुष्याचा पुत्र’ येतो. म्हणजे शुभवर्तमानकारांना ही दोन्ही रूपे परस्परांच्या जागी चालत होती.

परंतु तेवढ्यावरून हे बिरुदच नव्हते असा निष्कर्ष काढणे अतिव्याप्त ठरते. पहिला आक्षेप कालाचा आहे. व्हर्मेश यांची उदाहरणे मुख्यतः पहिल्या शतकानंतरच्या ग्रंथांतील आहेत, आणि ‘एनाश’मधील आद्य वर्ण गळालेले ‘नाशा’ हे रूपही उत्तरकालीन आहे, असे जोसेफ फिट्झमायर यांनी निदर्शनास आणले. दुसरा आक्षेप स्थळांचा आहे. मार्क १४:६२ येथे प्रमुख याजकासमोर मेघांसह येणाऱ्याचा जो उल्लेख आहे, तो दानीएलाच्या दृष्टान्ताखेरीज समजत नाही. तेथे सामान्य मनुष्याचा अर्थ लावणे अशक्य आहे.

तिसरा आणि भाषादृष्ट्या सर्वांत महत्त्वाचा आक्षेप उपपदाचा आहे. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात या प्रयोगाचे एकवचन उपपदाविना येते. शुभवर्तमानांत मात्र योहान ५:२७ सोडल्यास ‘हो हुइओस तू आन्थ्रोपू’ असे, दोन्ही नामांना निश्चयवाचक उपपद लावलेले रूप आहे. ग्रीक कानाला ते विचित्रच वाटावे; तरीही भाषांतरकारांनी ते सातत्याने राखले, याचा अर्थ एका विशिष्ट, ज्ञात अशा ‘पुत्रा’कडे बोट दाखविण्याचा त्यांचा हेतू होता. सिरियाक ही अरामीचीच पूर्वेकडील बोली. तीत ‘बरनाशा’ हा ‘माणूस’ या अर्थी नित्याचा शब्द होता. असे असूनही सिरियाक भाषांतरात ‘ब्रेह द-नाशा’ असे निराळे रूप योजिले आहे. ज्यांची बोलीच अरामी होती त्यांनाही नित्याचा शब्द येथे अपुरा वाटला, ही साक्ष उपेक्षणीय नव्हे. हनोखाच्या ग्रंथातील ३७ ते ७१ हे अध्याय आज गीझ भाषेतच उपलब्ध आहेत. तेथे या आकृतीसाठी तीन निरनिराळे शब्दप्रयोग असून त्यांना अनेकदा ‘तो’ हे दर्शक सर्वनाम जोडलेले आहे. दानीएलातील वर्णन एका विशिष्ट व्यक्तीच्या निर्देशाकडे कसे सरकत गेले, याचा हा दुसरा पुरावा होय.

यावरून असे म्हणता येते की, या नामाचा एकच एक अर्थ शोधणे हीच मूळ चूक आहे. अरामीत ती बोलण्याची रीत होती. दानीएलाच्या स्मरणाने तिला विशिष्ट रोख मिळाला. ग्रीक उपपदाने तो रोख पक्का करून तिचे बिरुद बनविले. दुसऱ्या शतकाच्या आरंभी इग्नेशियसच्या पत्रातच ‘मनुष्याचा पुत्र’ म्हणजे मानवत्व आणि ‘देवाचा पुत्र’ म्हणजे देवत्व अशी जोडी मांडलेली आढळते, आणि प्रवचनांतून ती आजही ऐकू येते. ती ईश्वरविद्येच्या दृष्टीने सोयीची असेल. परंतु दानीएलाच्या दृष्टान्ताचे स्मरण जेथे जागे आहे, तेथे हेच नाम गौरवाचे आणि न्यायाधिकाराचे आहे, ही गोष्ट त्या जोडीने झाकली जाते.

मराठी भाषांतरापुढील अडचण याच ठिकाणी आहे. मराठीत उपपद नाही; त्यामुळे ज्या चिन्हाने ग्रीकमध्ये बिरुद घडले, तेच चिन्ह मराठीत लोप पावते. उलट षष्ठीचा ‘चा’ आणि ‘पुत्र’ हा शब्द मिळून जन्मसंबंधाचा अर्थ पुढे येतो, आणि वाचक नकळत इग्नेशियसच्या जोडीकडे वळतो. ‘मानव’ असे भाषांतर केल्यास अरामी रीत राखली जाते, पण दानीएल हरपतो. ‘तो मनुष्यपुत्र’ म्हटल्यास ग्रीक निश्चय राहतो, पण बोलीची सहजता नाहीशी होते. यांपैकी कोणताही पर्याय तटस्थ नाही. प्रत्येकात वादाचा एकेक निकाल आधीच दिलेला असतो. रूढ झालेले ‘मनुष्याचा पुत्र’ हे रूप बदलण्याचे प्रयोजन दिसत नाही. मात्र मार्क ३:२८ सारखी स्थळे आणि मार्क १४:६२ सारखी स्थळे यांवर एकच टीप देऊन भागणार नाही; पहिल्या ठिकाणी भाषेची रीत आणि दुसऱ्या ठिकाणी दृष्टान्ताचे स्मरण, अशी दोन स्वतंत्र स्पष्टीकरणे मराठी वाचकापुढे ठेवणे हे टीकाकाराचे कर्तव्य ठरते.