'५९ टक्के कमी', पण कशाच्या?

सिनॉप्सिस लिहिताना एखादा दणदणीत आकडा हाताला लागला की किती बरं वाटतं, नाही का? मलाही वाटलं होतं. मोठ्या कार्यक्रमांच्या जागा पर्यावरणाच्या दृष्टीने कशा सुधारता येतील, हा माझा विषय. पहिल्याच पानावर मी ठोकून दिलं, 'कोल्डप्लेने आपल्या दौऱ्याचं कार्बन उत्सर्जन ५९ टक्क्यांनी घटवलं.' गाईडनी शेजारी पेन्सिलीने दोनच शब्द लिहिले : 'कशाचे ५९?' त्या दोन शब्दांत माझे दोन महिने गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

आधी दावा नीट वाचूया. पर्यावरणाचा मार्ग सापडेपर्यंत जगदौरा करणार नाही, असं या बँडने २०१९ मध्ये जाहीर केलं. २०२१ मध्ये नव्या दौऱ्याची घोषणा करताना उत्सर्जन निम्म्यावर आणायचं लक्ष्य ठेवलं. दौरा मार्च २०२२ मध्ये सुरू झाला. जून २०२४ मध्ये त्यांनी सांगितलं की पहिल्या दोन वर्षांत, प्रत्येक शोमागे, थेट उत्सर्जन २०१६-१७ च्या दौऱ्यापेक्षा ५९ टक्के कमी झालं. एमआयटीच्या (पुण्यातल्या नव्हे, अमेरिकेतल्या) तज्ज्ञांनी ते तपासलं.

यात कौतुक करण्यासारखं बरंच आहे. तुलना कोणत्या वर्षांशी, ते सांगितलंय. एकक सांगितलंय : एक शो. बाहेरच्या माणसाकडून तपासून घेतलंय. आपल्याकडच्या कित्येक प्रबंधांत या तीन गोष्टी एकत्र सापडत नाहीत.

आता 'थेट' हा शब्द बघा. थेट म्हणजे शो उभा करायला लागणारी ऊर्जा, सामानाची वाहतूक, बँडचा आणि कर्मचाऱ्यांचा प्रवास. हजारो प्रेक्षक कसे आले नि कसे परत गेले, ते या ५९ मध्ये नाही. बँडने हे लपवलं नव्हतं. 'थेट' हा शब्द गाळला मीच.

हा शब्द गाळल्याने काय बिघडतं? जानेवारी २०२५ मध्ये १८, १९ आणि २१ तारखेला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये आणि २५, २६ ला अहमदाबादच्या नरेंद्र मोदी स्टेडियममध्ये त्यांचे शो झाले. बँड तोच, दौरा तोच. पण नेरूळ हार्बर लाईनवर आहे, मुंबईकर लोकलने जाऊ शकतो. अहमदाबादला लाखभराहून जास्त लोक जमले. त्यासाठी मुंबईहून खास रेल्वेगाड्या सोडाव्या लागल्या आणि विमानांची तिकिटं भडकली. थेट उत्सर्जनाच्या रकान्यात हा फरक दिसणारच नाही.

साधं गणित करू. आकडे काल्पनिक आहेत, फक्त समजण्यासाठी. एका शोचं एकूण उत्सर्जन १०० धरा. त्यातलं थेट २०, प्रेक्षकांच्या प्रवासाचं ८०. थेटमध्ये ५९ टक्के घट म्हणजे ११.८. एकूण १०० वरून ८८.२ वर आलं. दावा खरा आहे, पण माझं वाक्य खोटं ठरलं.

'प्रेक्षक कसा येतो त्याला बँड काय करणार?' हा आक्षेप रास्त आहे. तोच प्रवास प्रेक्षकाच्या हिशोबातही मोजला, तर दुबार मोजणी होते. पण जागा, वेळ, पार्किंग आणि तिकिटं कुणाला आधी द्यायची, हे आयोजकच ठरवतो ना? २५ ऑगस्ट २०२४ ला मॅसिव्ह अटॅक या बँडने ब्रिस्टलमध्ये केलेला कार्यक्रम बघा. टिंडॉल सेंटरच्या अभ्यासाचा आधार घेऊन त्यांनी बॅटरीवर मंच चालवला, प्रेक्षकांच्या गाड्यांना पार्किंग ठेवलं नाही, जवळपासच्या लोकांना तिकिटं आधी दिली. म्हणून माझं मत असं : प्रेक्षकांचा प्रवास मोजायचा, पण वेगळ्या रकान्यात दाखवायचा. बेरजेत लपवायचा नाही आणि वगळायचाही नाही.

हे स्टेडियमपुरतंच आहे असं समजू नका. गेवराई तालुक्यातलं आमचं उमापूर घ्या. हरिनाम सप्त्याचा मांडव हीसुद्धा मोठ्या कार्यक्रमाची जागाच आहे. तिथे जनरेटरचं डिझेल मोजणं सोपं असतं, कारण मंडपवाल्याकडे हिशोब असतो. म्हणून पहिल्या खेपेला मी तेवढंच मोजायचं ठरवलं होतं. पण काल्याच्या दिवशी आसपासच्या गावांतून येणाऱ्या मोटारसायकली, जीपा, ट्रॅक्टर? पंगतीसाठी येणारा पाण्याचा टँकर? जेवणानंतर उकिरड्यावर जाणाऱ्या प्लास्टिकच्या पत्रावळ्या? जनरेटरच्या जागी सोलर बसवून 'हरित सप्ता' असा पेपर मी लिहू शकलो असतो. कदाचित छापूनही आला असता. आणि तो वाचून एखाद्या ग्रामपंचायतीने सोलरवर पैसे घातले असते, जेव्हा खरी गरज कदाचित जादा एसटीची किंवा स्टीलच्या ताटांची असती.

तेव्हा कोणताही टक्का उचलण्याआधी विचारा : काय धरलं, काय सोडलं? तुलना कशाशी? एकक कोणतं? उत्तर मिळालं नाही तर तो आकडा सिनॉप्सिसमध्ये घेऊ नका. आणि यंदा तुमच्या गावच्या सप्त्याला जाल, तेव्हा काल्याचं कीर्तन सुरू व्हायच्या आधी वही घेऊन वेशीपाशी तासभर उभे राहा. येणारी वाहनं मोजा, प्रत्येकावर किती माणसं आहेत ते लिहा, कुठून आलात ते विचारा. माझ्या नव्या सिनॉप्सिसचं पहिलं पान आता याच नोंदींनी सुरू होतं.