‘वासूनाका’चा निवेदक आणि अश्लीलतेचा वाद

भाऊ पाध्ये यांची ‘वासूनाका’ ही कादंबरी १९६५ साली प्रसिद्ध झाली. आचार्य अत्रे यांनी तिच्यावर कठोर टीका केली. दुर्गा भागवत यांच्यासारख्या विदुषी लेखकाच्या बाजूने उभ्या राहिल्या. पुढे दीर्घकाळ या कादंबरीविषयीची मराठीतील चर्चा श्लील-अश्लीलतेच्या द्वंद्वाभोवतीच फिरत राहिली. या वादाने भाऊंना कुप्रसिद्धी दिली तशीच एक प्रतिष्ठाही दिली. मात्र त्यात कादंबरीच्या निवेदनाचा प्रश्न मागे पडला.

वादाला त्या काळाची पार्श्वभूमी होती. ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ विकल्याबद्दल मुंबईतील एका पुस्तकविक्रेत्याला झालेली शिक्षा १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केली होती. ‘श्यामा’ या कथेबद्दल चंद्रकांत काकोडकर यांच्यावर भरलेला खटला १९६९ साली त्याच न्यायालयात त्यांच्या बाजूने संपला. ‘वासूनाका’ या दोन निर्णयांच्या मधल्या वर्षांत आली. साहजिकच आक्षेपकांनी अपराधाची भाषा वापरली आणि समर्थकांनी बचावाची. अशी पोरे अशीच बोलतात, लेखकाने वास्तव मांडले आहे, असा तो बचाव होता. वरवर परस्परविरोधी भासणाऱ्या या दोन भूमिकांचे गृहीतक एकच आहे. ‘वासूनाका’ची भाषा ही नाक्यावरच्या बोलण्याची नक्कल आहे, हे दोघांनाही मान्य आहे, ती नक्कल करावी की करू नये, एवढ्यापुरताच मतभेद उरतो.

भाऊंचे चरित्र आणि अन्य लेखन पाहता हे गृहीतक टिकत नाही. १९२६ साली जन्मलेल्या भाऊंनी कामगार चळवळीत काम केले, शिक्षकाची आणि कारकुनाची नोकरी केली, ‘नवशक्ति’सारख्या दैनिकात पत्रकारिता केली. १९९६ साली त्यांचे निधन झाले. मुंबईचे अनेक स्तर त्यांनी जवळून पाहिले होते. पोक्या हा भाऊंचा मुखवटा नव्हे. ‘वासूनाका’नंतर दोनच वर्षांनी आलेल्या ‘बॅरिस्टर अनिरुद्ध धोपेश्वरकर’मध्ये उच्चवर्गीय मुंबईचा जीवनव्यवहार येतो आणि भाषाही सर्वस्वी वेगळी होते. ‘राडा’मध्ये ती पुन्हा बदलते. ज्या लेखकाजवळ इतक्या भाषा आहेत, त्याच्या एका कादंबरीतील भाषा ही सवय नसून निवड असते, आणि निवडीची कारणे कलाकृतीच्या रचनेत शोधावी लागतात.

‘वासूनाका’ पोक्याच्या तोंडून येते. तो टोळीच्या वतीने आणि जणू टोळीलाच ऐकवण्यासाठी बोलतो. त्याच्या शिव्या आणि सांकेतिक शब्द हे टोळीच्या सभासदत्वाचे शुल्क आहे. वस्तीतील मुलींची दुःखे त्याला दिसतात. पण त्या दुःखाला नाव देणारा शब्द नाक्याच्या कोशात नाही. परिणामी जिथे करुणा संभवते तिथे टवाळी येते. पोक्याचे निवेदन जे सांगते त्याहून जे सांगू शकत नाही ते अधिक महत्त्वाचे ठरते. लेखक मध्ये येऊन भाष्य करत नाही, पश्चात्ताप घडवत नाही. सदाशिवपेठी नीतिकल्पनांना जो धक्का बसला तो शब्दांपेक्षा या मौनाचा होता. वाचकाला उभे राहण्यासाठी सुरक्षित जागाच उरत नाही.

या संदर्भात हेन्री मिलर यांची तुलना उद्बोधक आहे. त्यांची ‘ट्रॉपिक ऑफ कॅन्सर’ १९३४ साली पॅरिसमध्ये निघाली. अमेरिकेत ती १९६१ साली प्रकाशित झाली आणि १९६४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने मुक्त झाली. मिलरचा निवेदक लेखकाचेच नाव धारण करतो आणि निर्बंध भाषा ही त्याची मुक्तीची घोषणा असते. पोक्याची भाषा मुक्त नाही, ती बंदिस्त आहे. दोघांना ‘धाडसी’ या एकाच विशेषणात बसवणे म्हणूनच दिशाभूल करणारे आहे.

मिलरविषयीचा न्यायालयीन वाद मिटल्यावर १९७० साली केट मिलेट यांनी ‘सेक्शुअल पॉलिटिक्स’मध्ये वेगळा प्रश्न विचारला: या लेखनात स्त्रीवर सत्ता कोण गाजवतो? हा प्रश्न ‘वासूनाका’लाही विचारला पाहिजे. वास्तववादी बचाव तो टाळतो. कारण ‘पोरे अशीच बोलतात’ असे म्हटले की त्या बोलण्यातील हिंसा ही निसर्गनियमासारखी होऊन बसते. कादंबरीतील मुलींना निवेदनाचा अधिकार नाही. हा लेखकाचा दोष की निवेदकाच्या आंधळेपणाचे चित्रण, याचा निर्णय पोक्या आणि भाऊ यांच्यातील अंतर मोजल्यावाचून होत नाही. ते अंतर कादंबरीत आहे, पण सर्वत्र सारखे नाही. टवाळी सांगताना जिथे पोक्या स्वतःच उघडा पडतो तिथे ते स्पष्ट होते. जिथे किस्सा केवळ हशा मिळवण्यासाठी रंगतो तिथे ते पुसट होते आणि लेखक निवेदकाच्या शेजारी जाऊन बसतो. कादंबरीची खरी मर्यादा येथे आहे. शिव्यांच्या संख्येत ती शोधणे व्यर्थ होय.

आजच्या वाचकाच्या संदर्भात या विवेचनाला आणखी एक बाजू आहे. मराठवाड्यात, बदनापूरसारख्या तालुक्याच्या गावी, ही कादंबरी अभ्यासणाऱ्याच्या कानाला पोक्याची मुंबई परकी असते. ती भाषा हुबेहूब आहे किंवा नाही, हे पडताळण्याचे साधन त्याच्याजवळ नाही. तरीही टोळीत टिकण्यासाठी मनातला शब्द गिळणारा तरुण त्याला अनोळखी वाटत नाही. तो एसटी स्टँडासमोरच्या पानटपरीवरही उभा असतो. वास्तवाची पडताळणी हीच कसोटी असती, तर ही कादंबरी मुंबईच्या वेशीपाशीच संपली असती. ती संपत नाही, याचे श्रेय निवेदनाच्या रचनेला आहे.

अश्लीलतेचा आरोप आता निष्प्रभ झाला आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यामागची जुनी व्हिक्टोरियन कसोटीही सोडून दिली. आरोप गेला की बचावाचीही गरज संपते. आता ‘वासूनाका’ची चिकित्सा सुरू होऊ शकते, आणि तिचा आरंभ पोक्याच्या प्रत्येक किश्शात लेखक कुठे उभा आहे, या प्रश्नापासून व्हायला हवा.