खुंटी आणि धोतर : मराठी कथेतील भय व विनोद यांच्या नात्याचा शोध

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत एक गोष्ट गावोगावी ऐकायला मिळते. गावाचे नाव बदलते, ओढ्याचे नाव बदलते, गोष्ट तीच. पारावर पैज लागते. अमावास्येच्या रात्री एकट्याने मसणवट्यात जायचे आणि खूण म्हणून तिथे खुंटी ठोकून यायची. एक गडी तयार होतो. अंधारात चाचपडत खाली बसतो, घाईघाईने खुंटी ठोकतो आणि उठायला जातो, तर मागून कुणीतरी धोतर धरलेले! वास्तविक खुंटी त्याने स्वतःच्याच धोतराच्या सोग्यातून ठोकलेली असते. इथपर्यंत सगळ्या सांगणाऱ्यांचे एकमत आहे. पुढे गोष्टीला दोन फाटे फुटतात. एका फाट्याने गेले तर सकाळी गावकऱ्यांना तो गडी खुंटीपाशी मरून पडलेला सापडतो. दुसऱ्याने गेले तर तो धोतर तिथेच सोडून लंगोटीवर घर गाठतो आणि सकाळी पैज लावणारे ते धोतर काठीला लावून गावभर मिरवतात.

गेली काही वर्षे मी या भागातल्या भुताखेतांच्या गोष्टी वहीत उतरवून घेतो आहे. लोकसाहित्याचे रीतसर शिक्षण माझे झालेले नाही. जे वाचले ते वाचनालयातून आणि रद्दीच्या दुकानातून. ही गोष्ट केवळ आपली नाही, हेही मला पुस्तकातूनच कळले. लोककथांच्या आर्ने-थॉम्पसन वर्गीकरणात तिला १६७६ ब असा क्रमांक आहे आणि युरोपातही ती सांगितली जाते. तिथे धोतराच्या जागी झगा किंवा कोट येतो. प्रश्न असा, की एकाच घटनेतून एकदा अंगावर काटा आणि एकदा हसू कसे उभे राहते?

आपल्या काव्यशास्त्राला हे दोन रस एकत्र नांदणे मान्य नाही. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त रसांची वैरे सांगितली आहेत. त्यांत हास्य आणि भयानक एकमेकांचे वैरी ठरतात. शास्त्र चुकले असे मी म्हणणार नाही. माणूस एकाच क्षणी घाबरलेला आणि हसणारा असू शकत नाही, हे खरेच आहे. पण गोष्टीत माणसे दोन असतात. एक गोष्टीतला आणि एक ऐकणारा. भय एकाच्या पदरात आणि हसू दुसऱ्याच्या, अशी वाटणी केली की वैर मिटते.

ही वाटणी कशी होते, ते वहीतल्या नोंदी शेजारीशेजारी ठेवल्यावर माझ्या ध्यानात आले. गडी मरतो त्या गोष्टीत सांगणारा खुंटी कुठून गेली ते सकाळपर्यंत दाबून ठेवतो. गडी पळतो त्या गोष्टीत खुंटी ठोकतानाच सांगून टाकतो, ‘आन् गेली की सोग्यातनं!’ फरक एवढाच. गड्याची भीती दोन्हीकडे सारखीच खरी आहे. बदलते ती ऐकणाऱ्याला माहिती मिळण्याची वेळ. भयकथा आणि भयविनोद यांच्यातली सीमारेषा इथे आहे, असे माझे म्हणणे आहे. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या उत्तम भयकथा आठवून पाहा. खुंटी कुठे आहे हे बहुधा वाचकाला पात्राच्या आधी कळू दिले जात नाही.

हे नाते नव्याने जुळलेले नाही. तुकाराममहाराजांची पालखी दरवर्षी बारामतीवरून इंदापूरला येते, सराटीला नीरेत पादुकांचे स्नान होते आणि नदी ओलांडून ती अकलूजला जाते. या वाटेवर एकनाथांची भारुडे गायली जातात, आणि त्यांत भूत हा विषय आहे. विठ्ठल हेच जबरदस्त भूत, ते एकदा लागले की सुटका नाही, असे रूपक नाथांनी सोळाव्या शतकात मांडले. भारूड करणारा झपाटलेल्या बाईसारखा घुमतो, डोळे फिरवतो. समोरचे वारकरी हसतात, कारण भूत कोण आहे हे त्यांना आधीच माहीत असते. भारुडातल्या बाईला मात्र ते माहीत नसते. खुंटीच्या गोष्टीतली वाटणी इथेही दिसते. भयाच्या सगळ्या खुणा तशाच ठेवून त्यांचा अर्थ फिरवणे ही किमया लोकप्रिय लेखकांच्या कितीतरी आधी कीर्तनाच्या अंगणात झालेली आहे.

सराटीसमोर नीरेपलीकडे जे अकलूज आहे, तिथे १९२७ साली द. मा. मिरासदार यांचा जन्म झाला. शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्यासह त्यांनी कथाकथन गावोगावी नेले, हे सर्वश्रुत आहे. त्यांच्या एका संग्रहाचे नाव ‘भुताचा जन्म’ आहे. या नावापाशीच थांबावेसे वाटते. माणूस मेल्यावर भूत होते ही लोकसमजूत. म्हणजे भूत येते ते मरणातून. मिरासदार त्याचा ‘जन्म’ म्हणतात. भूत तयार होते ते बोलण्यातून, एकाने दुसऱ्याला सांगण्यातून, हे त्या दोन शब्दांत मला ऐकू येते. त्यांच्या भोकरवाडीत नाना चेंगट, बाबू पैलवान, शिवा जमदाडे, गणामास्तर ही मंडळी जमली, की बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. सांगणारा या मंडळींच्या वर, माडीवर बसलेला नसतो. तो त्यांच्यातच मांडी घालून बसलेला असतो. म्हणून त्यांच्या भित्रेपणाला हसताना आपण त्यांना तुच्छ लेखत नाही.

१९८२ च्या ‘एक डाव भुताचा’ या चित्रपटाचे लेखन मिरासदारांचेच. मास्तर दिलीप प्रभावळकर आणि भूत अशोक सराफ. इथे भूत खरे आहे. पण ते मास्तरच्या बाजूचे झाल्यावर त्याची भीती उरत नाही. उरते ती गावातल्या जिवंत माणसांची. भूत फक्त मास्तरला आणि आपल्याला ठाऊक, गावाला नाही. माहितीची वाटणी पुन्हा आहेच, फक्त यावेळी मास्तर आपल्या बाजूला आला आहे.

१९९३ साली महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ आला. त्याची कल्पना १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकन चित्रपटाशी जुळते, हे उघड आहे आणि त्यावर बोलून झाले आहे. मला महत्त्वाचा वाटतो तो फरक. अमेरिकन चित्रपटात बाहुला एका लहान मुलाच्या हाती लागतो. पोराचे कोण ऐकणार, म्हणून त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. मराठीत तो लागतो शब्दभ्रमकाराच्या हाती. लक्ष्याचा धंदाच बाहुल्याला बोलते करण्याचा! बाहुला स्वतःहून बोलतो, असे हा माणूस ऊर फाटेस्तोवर सांगतो, आणि ज्याची कला चांगली त्याचेच बोलणे खोटे ठरते. खुंटी त्याने स्वतःच्याच धोतरातून ठोकली आहे. रामदास पाध्ये यांनी घडवलेला तात्या विंचू एकदाही ‘मी गंमत करतोय’ असे सुचवत नाही, आणि लक्ष्मीकांत बेर्डे जीव मुठीत धरून घाबरतात. दोघांनीही आपापले काम गंभीरपणे केले, म्हणून थिएटर हसले. तो मंत्र पुढे शाळाशाळांतून पोरांनी खेळात वापरला. मंत्राची भीती घालवण्याचा तोही एक मार्ग झाला.

उलट जिथे पात्राचे भयच खोटे असते, तिथे हसू येत नाही. पांढरी चादर पांघरून आलेला नट आणि त्याला पाहून प्रेक्षकांकडे तोंड करून दात वाजवणारा दुसरा नट, हा प्रकार आपण स्नेहसंमेलनांपासून दूरचित्रवाणीपर्यंत भरपूर पाहिला. तिथे कुणीच घाबरलेले नसते, तेव्हा हसायचे कशाला? दुसरा बिघाड याहून वाईट. घाबरणारा माणूस अडाणी, खेडवळ आहे, एवढ्याच भांडवलावर हसवणे. आमच्या भागात उसाला पाणी द्यायला रात्री जावे लागते. वीज रात्रीची, कालव्याची पाळी रात्रीची. दारं धरायला गेलेला माणूस सरीत एकटा उभा असतो. हल्ली बिबट्याही येतो. त्याला चकवा लागतो, आसरा दिसतात, म्हणून हसणाऱ्या लेखकाने एक रात्र बॅटरी घेऊन त्या बांधावर काढावी. ती भीती मूर्खपणातून आलेली नाही, एकटेपणातून आलेली आहे. ‘मुंज्या’ या २०२४ च्या हिंदी चित्रपटात आदित्य सरपोतदार यांनी कोकणातला मुंजा आणला. लग्नाचा हट्ट धरून अडकून पडलेले ते पोर भयंकर आहे, हास्यास्पद आहे आणि त्याची थोडी कीवही येते. भुतालाही त्याचे दुःख असू द्यावे, हे त्या दिग्दर्शकाला कळले आहे.

आता मुद्दा केवळ करमणुकीचा राहत नाही. खुंटी कुठे आहे हे माहीत असूनही न सांगणारा आणखी एक माणूस गावात असतो. तो देवऋषी. भयकथाकारही माहिती दाबतो, पण शेवटी देतो. देवऋषी कधीच देत नाही, कारण त्याचे पोट त्या न सांगण्यावर चालते. आणि तो बोट दाखवतो ते बहुधा एखाद्या एकट्या बाईकडे. मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चिंची चेटकीण प्रभावळकरांनी आणि पुढे वैभव मांगले यांनी रंगवली. मुले तिला भितात, हसतात आणि घरी येऊन शांत झोपतात. चेटकीण हाच शब्द गावात जिवंत बाईला चिकटला, की तिचे पाणी बंद होते. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांचे सहकारी चमत्काराचे प्रयोग करून दाखवत आणि लगेच त्यामागची युक्ती उघड करीत. प्रेक्षक आधी दचकत, मग हसत. खुंटी दाखवून देणेच ते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखाद्यावर करणीचा, भूत लावल्याचा ठपका ठेवून छळणे त्याने गुन्हा ठरवले.

कायदा लागतो तो घटना घडल्यावर. गोष्ट त्याआधी पोचलेली असते. म्हणून आपल्या समीक्षेने भयविनोदाला ‘हलकेफुलके’ म्हणून बाजूला सारणे मला पटत नाही. अशी कथा किंवा चित्रपट तोलताना दोन प्रश्न विचारावेत. पात्राचे भय लेखकाने खरे मानले आहे का? आणि खुंटी कुठे रुतली हे त्याने आपल्याला कोणासाठी सांगितले, घाबरलेल्याची मान खाली घालण्यासाठी, की त्याचे धोतर सोडवण्यासाठी? मिरासदारांच्या कथा या कसोटीला उतरतात. त्या वाचून झाल्यावर नाना चेंगट पुन्हा पारावर येऊन बसू शकतो, आणि बाकीचे त्याला सरकून जागा देतात.